कृत्रिम हिरवळ अंथरण्यापूर्वी...

सुरतच्या डिंडोली भागात खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत. शहरी वस्तीत प्रत्येकालाच अंगण लाभत नाही. मग गच्चीवर किंवा गॅलरीत कृत्रिम गवत अंथरून हिरवळीची हौस भागवली जाते. १९६६ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममुळे प्रसिद्धीस आलेले हे गवत मुळात पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन किंवा नायलॉनच्या तंतूंचे असते.

खरे गवत पात्यांतून बाष्प सोडून थंड राहते. प्लॅस्टिकला ते शक्य नाही. भर उन्हात त्याचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्याही वर तापू शकतो. पाणी शिंपडल्याने मिळणारा गारवा अल्पकाळच टिकतो. त्यामुळे मुले अनवाणी खेळणार असतील, तर सावलीचीच जागा निवडावी.

दुसरा प्रश्न पावसाचा. सुरत असो वा गोवा, पावसाळ्यात निचरा महत्त्वाचा ठरतो. गच्चीची गळती आधी दुरुस्त करावी, उतार तपासावा, तळाशी छिद्रे असलेलेच गवत घ्यावे आणि पाणी वाहून नेणाऱ्या पाइपचे तोंड मोकळे ठेवावे. जमिनीवर अंथरायचे असल्यास खाली खडीचा व बारीक चुरीचा थर दाबून बसवावा. पट्ट्या जोडताना पात्यांचा कल एकाच दिशेला असावा.

उन्हाने जीर्ण झालेल्या तंतूंचे सूक्ष्म कण मातीत व पाण्यात मिसळतात. म्हणून ज्यांच्या दारी थोडीफार माती शिल्लक आहे, त्यांनी तेथे खरे गवत किंवा रोपे लावणेच हितावह.