छपरावरचा पत्रा आणि व्यापाऱ्याचे कर्तव्य

मृग नक्षत्र जवळ आले की बेळगाव, निपाणी, चिकोडीकडील इमारती सामानाच्या दुकानांतून सिमेंटच्या पत्र्याची विचारणा सुरू होते. तंबाखूची वखार असो, गुळाच्या अडतीचे गोदाम असो वा घरामागील पडवी असो, आपल्यापैकी अनेकांच्या डोक्यावर हा करडा पन्हळी पत्रा वर्षानुवर्षे उभा आहे. ज्या वस्तूने आपला माल राखला तिच्याविषयी चार शब्द स्पष्टपणे सांगणे आम्हांस या स्मरणिकेच्या निमित्ताने आवश्यक वाटते.

अ‍ॅस्बेस्टॉस हा खाणीतून निघणारा, पण कापसासारखा पिंजता येणारा दगड आहे. तो जळत नाही, कुजत नाही. ऑस्ट्रियातील लुडविग हाट्शेक या कारखानदाराने 1901 साली त्याचे तंतू सिमेंटात मिसळून पातळ फळ्या करण्याच्या कृतीचे पेटंट मिळविले आणि मालास ‘इटर्निट’, म्हणजे शाश्वत, असे नाव दिले. कृती कागद बनविण्यासारखीच आहे. सुमारे नऊ भाग सिमेंट आणि एक भाग तंतू पाण्यात कालवावयाचे, तो रबडा फिरत्या चाळणीवरून थराथराने रुळावर चढवावयाचा, कापून सपाट फळी करावयाची किंवा ओली असतानाच साच्यावर टाकून पन्हळी पत्रा घडवावयाचा. मध्य प्रदेशातील कैमूर येथे 1934 पासून व पुढे हैदराबादेतही असे कारखाने उभे राहिले. पत्रा स्वस्त, गंज न धरणारा, आगीला न भिणारा. व्यापाऱ्याने त्याला पसंती दिली यात नवल नाही.

परंतु जो गुण तोच दोष ठरला. जो तंतू आगीत नाश पावत नाही तो माणसाच्या फुप्फुसातही नाश पावत नाही. इंग्लंडातील रॉचडेल येथील कारखान्यात काम करणाऱ्या नेली केरशॉ या स्त्रीचा 1924 साली मृत्यू झाला आणि तिच्या फुप्फुसातील व्रणांवरून वैद्यकशास्त्रात ‘अ‍ॅस्बेस्टॉसिस’ या रोगाची नोंद झाली. 1955 साली रिचर्ड डॉल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाशी या धुळीचा संबंध दाखविला. 1960 साली दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या आवरणाचा दुर्धर कर्करोग झालेले 33 रुग्ण नोंदविले; त्यांतील बहुतेकांचा संबंध निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींच्या प्रदेशाशी होता, आणि सर्वच काही खाणीत काम केलेले नव्हते. धूळ आज श्वासात गेली तर रोग वीस, तीस, चाळीस वर्षांनी प्रकट होतो. म्हणूनच आजाराचा दोष पत्र्याकडे कोणी लावीत नाही.

निळा, तपकिरी, पांढरा असे सर्व प्रकार कर्करोगकारक ठरले आहेत. ब्रिटनने 1999 साली व ऑस्ट्रेलियाने 2003 च्या अखेरीस उरलेला पांढरा अ‍ॅस्बेस्टॉसही बंद केला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 रोजी कामगारांच्या प्रकृतीची नोंद किमान 40 वर्षे ठेवण्याचा आदेश दिला. पत्र्यावर मात्र आपल्याकडे सर्वसाधारण बंदी आलेली नाही. म्हणून येथे कायद्यापेक्षा विवेकाचा प्रश्न अधिक आहे.

आमच्या दुकानीही हे पत्रे विकले गेले. अंगणात हमाल करवतीने पत्रा कापीत, पांढरी पूड त्यांच्या पापण्यांवर बसे, आणि संध्याकाळी तीच पूड आम्ही कोरड्या केरसुणीने झाडून घेत असू. पत्र्याची किंमत खतावणीत लिहिली. त्या पुडीची किंमत कोणाच्या खात्यावर पडली हे त्या वेळी आमच्या ध्यानातही आले नाही.

आता घाबरून छपरे उतरविण्याचे कारण नाही. अखंड, न हलविलेल्या पत्र्यातील तंतू सिमेंटात बांधलेले असतात. धोका आहे तो कापण्यात, भोक पाडण्यात, फोडण्यात आणि घासण्यात. म्हणून जुन्या पत्र्यावरील शेवाळ तारेच्या ब्रशाने खरवडू नये. उतरविणे भागच असेल तर जाणत्या माणसांकडून, पाण्याने ओला करून, शक्यतो अखंड उतरवावा. तुकडे जाड प्लॅस्टिकात बांधून स्थानिक अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने त्यांची विल्हेवाट लावावी. त्यांची खडी करून वाटेवर पसरणे सर्वस्वी अयोग्य. साधा कापडी रुमाल या धुळीपासून रक्षण करीत नाही. आणि पत्र्यावर फळी टाकल्यावाचून कोणासही चढवू नये. जुना पत्रा पायाखाली एकाएकी फुटतो व माणूस खाली कोसळतो.

नव्या बांधकामास पर्याय उपलब्ध आहेत. मंगलोरी कौले आपल्या पावसाची पारखलेली आहेत. रंगीत पोलादी पत्रा आहे. आणि त्याच हाट्शेकच्या रीतीने, पण लाकडाच्या लगद्याचे तंतू घालून केलेली सिमेंटची फळीही मिळते. तीही कापताना धूळ टाळावीच, कारण सिमेंट-वाळूची धूळ निरुपद्रवी नसते. मात्र तीत अ‍ॅस्बेस्टॉस नाही. काही पर्यायांचा दर अधिक पडेल. तो ग्राहकास कारणासह सांगावा. मालात काय आहे हे विचारण्याचा त्याचा हक्क आहे आणि न विचारताही सांगणे हे आपले कर्तव्य आहे.

श्रावकास वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य गणलेले आहे. समंतभद्राचार्यांनी अनर्थदंडांच्या पाच भेदांत प्रमादचर्या सांगितली. विनाकारण, बेफिकिरीने केलेली हिंसा ती. न कळत विकले ते अज्ञान होते. कळल्यावर हमालास कोरडी करवत देणे हा मात्र प्रमाद होय. मुंगीस वाट देण्यासाठी पाऊल आवरणारा आपला समाज हमालाच्या श्वासासाठी हात आवरील, असा आम्हांस विश्वास आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या वखारीचे छप्पर आणि आपल्या दुकानाचे अंगण एकदा या दृष्टीने पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.