दुर्बिणीचा खांब

दुर्बीण घेणारा मनुष्य भिंगाची चौकशी करतो, नळीची लांबी विचारतो. ती ठेवावयाची कशावर, हें मात्र क्वचितच विचारतो. मग लटपटत्या तिपाईवरून गुरूचें बिंब पाण्यांतल्या दिव्यासारखें थरथरूं लागतें आणि दोष बिचाऱ्या भिंगास लागतो. 150 पट मोठें दाखविणारी दुर्बीण थरकापही 150 पटच मोठा करिते. 1 मीटर लांबीच्या नळीचें एक टोंक 5 मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, सरकलें तरी रोख एका विकलेनें चुकतो. आणि गुरूचें सगळें बिंबच चाळीसएक विकलांचें! म्हणून ज्यास नित्य वेध घ्यावयाचे आहेत त्यानें अंगणांत काँक्रीटचा खांब उभारावा, असें आम्ही आग्रहानें सांगतों.

शिरूर कासारसारख्या गांवीं या कामांतला खरा शत्रु म्हणजे काळी माती. ती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत आक्रसते. वैशाखांत शेताला ज्या भेगा पडतात त्यांत हात सहज जातो. अशा मातींत रोवलेला खांब दर ऋतूला थोडा कलणारच, मग वर कितीही सिमेंट ओता. सबब काळा थर पुरा खणून मुरूम लागेपर्यंत खालीं जावें, आणि मुरूम फार खोल असल्यास जागाच बदलावी. मुरमावर 3 फूट चौरसाचा पाया घालावा, त्यांतून लोखंडी सळया खांबांत वर न्याव्या. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व चार भाग खडी हें मिश्रण पुरेसें आहे. आमच्याकडील उन्हांत तें लौकर सुकून चिरा पडतात. गोणपाट गुंडाळून निदान आठ दिवस तरी ओलें ठेवावें.

खांब बुटका व जाड असावा. उंची दुप्पट केली तर तो आठपट वांकतो. उलट जाडी दुप्पट केली तर वांकणें सोळाव्या हिश्शावर येतें. 12 इंच व्यास लहान दुर्बिणीस भरपूर झाला.

भोंवतीं फरशी करावयाची असल्यास ती खांबास टेकूं देऊं नये. दोन बोटें फट सोडावी, नाहींतर पाहणाऱ्याचें प्रत्येक पाऊल ताऱ्यास हालवील. मोठ्या वेधशाळांतही दुर्बिणीचा पाया इमारतीपासून अलगच ठेवतात. बीड जिल्हा 1948 पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानांत होता, तेथील निजामिया वेधशाळेचा आरंभही एका खाजगी जागेंतच झाला: नबाब जफर जंग यांनीं 1901 सालीं 15 इंची दुर्बीण विलायतेहून आणविली होती.

माथ्यावर तीन बोल्ट ओल्या काँक्रीटमध्यें लांकडी फळीच्या सांच्यानें बसवावे. कित्येकजण खांब भक्कम करितात आणि मग लांब बोल्टांवर लोखंडी पत्रा अधांतरीं तोलून धरितात. तेथें सारी मेहनत फुकट जाते. उत्तर दिशा चुंबकसूचीवरून ठरवूं नये, कारण काळ्या पाषाणांतील लोहांश तिला फसवितो. शंकूच्या सकाळच्या व दुपारच्या समान छायांचीं टोंकें जोडलीं कीं पूर्वपश्चिम रेषा मिळते; तिच्याशीं काटकोन करणारी ती उत्तर. ध्रुव येथें क्षितिजापासून सुमारें 19 अंशच वर असतो, तेव्हां दुर्बिणीचा ध्रुवाक्ष तितकाच उचलावा.

महिनाभरानें दुर्बीण चढवून एखाद्या ताऱ्यावर रोखावी व नळीस बोटानें हलकेच टिचकी मारावी. थरथर एकदोन सेकंदांत थांबली तर खांब साधला. न थांबली तर आधीं माथ्यावरचे बोल्ट तपासावे, पाया नंतर.