लॉगिनसरशी मराठी

ऑक्टोबर २०२५ मध्ये उबुंटूची २५.१० ही आवृत्ती आली आणि तिच्या ग्नोम डेस्कटॉपमधलं, पडदा आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या जुन्या ‘एक्स’ यंत्रणेचं सेशन गेलं. आता फक्त तिच्या जागी आलेली वेलँड. लॉगिन करताच मराठी कीबोर्ड तयार असावा, ही सोय ज्यांनी कीबोर्ड बदलणाऱ्या ‘सेट-एक्सकेबी-मॅप’ या आज्ञेच्या एका ओळीवर सोपवली होती, त्यांची ओळ मुकी झाली. ती चालते, इशाराही देते. पण कुणाला दिसणार नाही अशा जागी.

त्याआधीचा इतिहास भरभर सांगण्याच्याच लायकीचा. १९८६ साली इन्स्क्रिप्ट या कीबोर्डची मांडणी ठरली, १९९१ साली भारतीय लिप्यांच्या संकेतांचं इस्की हे मानक आलं. कागदावर सगळं ठीक. प्रत्यक्षात डीटीपीच्या दुकानागणिक वेगळा फॉन्ट, आणि साकोलीला टाइप केलेली पत्रिका भंडाऱ्यात उघडली की नुसतं जंतरमंतर.

माझं दशक २००५ ते २०१५. पवनीत माझं जॉबवर्कचं दुकान होतं. उबुंटूच्या सीड्या तेव्हा पोस्टानं फुकट यायच्या. ती योजना २०११ मध्ये बंद पडली. त्यातल्याच एका सीडीवरून दुकानातलं जुनं मशीन लिनक्सवर आलं. गिऱ्हाईक बहुतेक गोसेखुर्द धरणाच्या बुडित क्षेत्रातलं. मोबदल्याचे, पुनर्वसनाचे, सातबारा दुरुस्तीचे अर्ज. अशा अर्जात ‘शेतकऱ्यांचे’ हा शब्द येणारच. इन्स्क्रिप्टवर तिथे शिफ्टसह जे, मग डी, मग स्लॅश दाबायचं, की ‘ऱ्य’ नीट उमटतो. रोमनमधून लिहा, काय बिघडतं, असं सांगणारे शहाणे तेव्हाही होते. त्यांच्या अर्जांत ‘शेतकर्यांचे’ असायचं. बिघडायचं ते हे! टायपिंग इन्स्टिट्यूटमधून आलेल्या पोरांचा वेगळाच हट्ट: हात रेमिंग्टनवर बसलेला, दुसरं काही शिकायचं नाही. त्यांच्याशी घातलेला वाद मी आजही पुढे चालवायला तयार आहे.

पण खरा वैरी भारनियमन. दिवसातून कितीदा लाईन जायची, आणि यूपीएसच्या बॅटरीनं कधीच मान टाकलेली. ‘सेट-एक्सकेबी-मॅप’नं केलेला बदल त्या सेशनपुरताच जगतो. मशीन बंद झालं की इंग्रजी एकटी परत यायची. समोर बसलेला म्हातारा विचारायचा, “लाईन आली, मंग मराठी काहून नाही आली जी?”

उत्तर होतं ऑटोस्टार्टमध्ये. सिस्टीम, प्रेफरन्सेस, सेशन्स. तिथे एक नवी नोंद करून ती ओळ टाकायची. आधी इंग्रजी, मागून भारतीय देवनागरी, आल्ट-शिफ्टनं अदलाबदल. इंग्रजी पहिली ठेवणं भाग होतं, कारण पासवर्ड आणि आज्ञा तिच्यातच. तेवढ्यानंही भागायचं नाही. आपली ओळ चालून गेल्यावर डेस्कटॉपची स्वतःची सेटिंग मागून यायची आणि केलेलं पुसून टाकायची. म्हणून ओळीच्या आधी ‘स्लीप ५’ लिहायचं: पाच सेकंद थांब, त्यांचं होऊ दे, मग आपलं कर. यूएसबी कीबोर्ड काढून पुन्हा लावला, तरी मराठी जायची. तेव्हा तीच ओळ हातानं चालवायची.

त्या ओळीला आणखी एक शेपूट जोडता यायचं. स्क्रोल लॉकचा दिवा, एरवी कुणाच्या कामाचा नाही, मराठी चालू असली की पेटायचा. पडद्याकडे न बघता कळायचं की आता ‘क’ उमटेल, ‘के’ नाही. आजच्या बहुतेक लॅपटॉपांवर तो दिवाच नसतो.

मग सुधारणा आल्या. सप्टेंबर २०१२ मध्ये ग्नोम ३.६ नं आयबस या टायपिंगच्या व्यवस्थेला पोटात घेतलं, आणि भाषा बदलायची कळ कंट्रोल-स्पेसवरून सुपर-स्पेसवर गेली. २०१६ साली सुधारित इन्स्क्रिप्टचं भारतीय मानक आलं, चांगलं झालं. त्याच वर्षी फेडोरानं वेलँड पहिल्या पसंतीला बसवलं. पुढची वर्षं आवृत्त्यांची नुसती रांग.

वेलँडचं म्हणणं खोटं नाही. एक्समध्ये कुठलाही प्रोग्रॅम सगळ्यांचा कीबोर्ड बदलू शकायचा, तसाच तुमची प्रत्येक कळ चोरून ऐकूही शकायचा. ते दार लावायलाच हवं होतं. सेटिंग्जमध्ये मराठी एकदा जोडली की आता रीस्टार्टनंतरही टिकते, हेही मान्य. पण ती एक ओळ ग्नोम, केडीई, एक्सएफसीई, सगळीकडे सारखी चालायची. चिठ्ठीवर लिहून लाखांदूरच्या दुकानदाराला देता यायची. आता ग्नोमची रीत वेगळी, केडीईची वेगळी, स्वेची तिसरीच. मराठी आपोआप येते, पण ज्याच्या त्याच्या खिडकीतून, त्यानं ठेवलेल्या पर्यायांतून. चोराला दार लावताना घरमालकाची किल्ली काढून घेण्याचं कारण नव्हतं. सगळ्या डेस्कटॉपांनी मिळून एक सामायिक आज्ञा ठरवावी, एवढंच मागणं आहे. ते जमत नाही असं मला कुणी सांगू नये.