खुणेची चिंधी

जॉर्ज राजांच्या काळातील इंग्लंड म्हटले, म्हणजे चांदीच्या चहादाण्या, चिनी मातीची नाजूक भांडी आणि कुरळे टोप घातलेल्या उमरावांची तैलचित्रे डोळ्यांसमोर उभी राहतात. परंतु त्या युगातील गोरगरिबांचे जीवन पाहावयाचे असेल, तर लंडनच्या एका अनाथाश्रमातील नोंदींना टाचलेल्या चिंध्यांकडे वळावे लागते.

टॉमस कोरम या निवृत्त दर्यावर्दी कप्तानाला लंडनच्या रस्त्यांवर टाकून दिलेली अर्भके पाहवेनात. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १७३९ साली त्याला दुसऱ्या जॉर्जची सनद मिळाली आणि १७४१ च्या मार्चमध्ये ‘फाउंडलिंग हॉस्पिटल’ उघडले. हे रुग्णालय नव्हे, आश्रयगृह होते. जागा थोडी आणि मुले फार, म्हणून पुढच्याच वर्षापासून आईने पिशवीत हात घालून गोळी काढावी असे ठरले. पांढरी निघाली, तर निरोगी मुलास प्रवेश. काळी निघाली, तर परत पाठवणी. तांबडी निघाली, तर तिष्ठत राहावयाचे.

आत गेलेल्या मुलाला नवे नाव मिळे. मग पुढेमागे आई परत आली, तर तिचे मूल ओळखावयाचे कसे? यासाठी नोंदीसोबत एखादी खूण ठेवीत. कधी ते कोरलेले नाणे असे, कधी बटण; पण बहुधा असे तो कापडाचा तुकडा. फीत, फ्लॅनेल, फुलाफुलांचे छापील सुती कापड असे सुमारे पाच हजार तुकडे या नोंदींत आहेत. अशा छापील कापडाची गोडी इंग्लंडला लावली ती हिंदुस्थानातील मालाने. इंग्रजीतला ‘चिंट्झ’ हा शब्द मूळचा आपल्या ‘छीट’चाच.

१७६७ साली एका मातेने ठिगळे जोडून केलेल्या तुकड्यावर हृदयाची आकृती भरली आणि ती मधोमध कापली. अर्धा भाग नोंदीत गेला, अर्धा तिच्यापाशी राहिला. १७७५ मध्ये ती परत आली आणि आपला मुलगा घेऊन गेली. असे भाग्य विरळाच. १७४१ ते १७६० या काळात आलेल्या सोळा हजारांहून अधिक मुलांपैकी अवघी १५२ परत नेली गेली. कित्येक तर लहानपणीच दगावली.

श्रीमंतांची वस्त्रे संग्रहालयांत जपली गेली. गरिबांची झिजून गेली. त्या काळच्या सामान्य स्त्रिया काय नेसत, याचा इतका मोठा पुरावा इंग्लंडात दुसरीकडे नाही. मिटलेल्या वह्यांत ऊन न लागल्यामुळे त्या चिंध्यांचे रंग अद्यापही ताजे आहेत.