चार पर्यायांत न मावणारी कोडी

तीन व्यापारी वाटेनं चालले होते. वाटेत त्यांना नाण्यांची एक थैली पडलेली दिसली. पहिला म्हणाला, “ही थैली मला मिळाली, तर माझ्याकडे तुम्हा दोघांच्या मिळून दुप्पट पैसे होतील.” दुसरा म्हणाला, “मला मिळाली, तर तुम्हा दोघांच्या तिप्पट होतील.” तिसरा म्हणाला, “आणि मला मिळाली, तर पाचपट.” मग प्रत्येकाकडे पैसे होते किती, आणि थैलीत किती? हे कोडं इसवी सन 850 च्या सुमाराचं आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य या जैन गणितज्ञानं ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ लिहिला, त्यात ते आहे. विदर्भ तेव्हा राष्ट्रकूटांच्याच राज्यात होता. आजच्या वाशीम जिल्ह्यातलं कारंजा हे जैन हस्तलिखितांच्या जुन्या भांडारांसाठी ओळखलं जातं. अमोघवर्षाच्या मान्यखेट राजधानीत पुढच्या शतकात होऊन गेलेल्या पुष्पदंत कवीची अपभ्रंश काव्यं 1931 आणि 1933 साली कारंजातूनच प्रसिद्ध झाली. महावीराचार्यांचा ग्रंथ 1912 मध्ये मद्रासला इंग्रजी भाषांतरासह निघाला आणि 1963 मध्ये सोलापूरहून हिंदीत. म्हणजे हा ठेवा काही कुलूपबंद नाही. तरीही वाशीमच्या मुलामुलींना कोडं भेटतं ते या वाटेनं नाही. त्यांना ते भेटतं ‘बुद्धिमत्ता चाचणी’ या नावानं, खाली चार पर्याय आणि समोर घड्याळ लावून.

त्या घड्याळाचा हिशोब आधी पाहू. पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत 90 मिनिटांत 100 प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत दोन तासांत 80 प्रश्न, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलाला एका प्रश्नाला दीड मिनिट. सकाळी ग्राउंड मारून दुपारभर अभ्यासिकेत बसणाऱ्या तरुणाला या सेकंदांची किंमत कोणी सांगायला नको. एवढ्या वेळात कोडं सोडवता येत नाही, फक्त ओळखता येतं. हा प्रश्न कोणत्या प्रकारचा, त्याची ट्रिक कोणती, हे आठवलं की गोल काळा करून पुढे सरकायचं. बुद्धिमत्तेचं म्हणून जे मोजलं जातं, त्यात स्मरणशक्तीचा वाटा फार मोठा होऊन बसतो. महावीराचार्यांचं कोडं आणि परीक्षेतला प्रश्न दिसायला सख्खे भाऊ वाटतात, पण त्यांच्याकडून होणारं काम अगदी वेगळं आहे. ते कसं, हे कोडी सोडवूनच दाखवायला हवं.

थैलीचं कोडं शाळेतल्या रीतीनं करायचं तर चार अक्षरं आणि तीन समीकरणं मांडावी लागतात. त्याआधी थोडं थांबून व्यापाऱ्यांचं बोलणं पुन्हा वाचावं. पहिला म्हणतो, थैली धरून माझे पैसे तुम्हा दोघांच्या दुप्पट. याचा अर्थ, थैलीसकट सगळ्या पैशांचे तीन सारखे वाटे केले, तर दोन वाटे त्याचे आणि एक वाटा बाकी दोघांचा. म्हणून दुसऱ्याचे आणि तिसऱ्याचे मिळून पैसे एकूण रकमेच्या एक तृतीयांश. हेच दुसऱ्याच्या बोलण्याला लावलं, की पहिला आणि तिसरा मिळून एक चतुर्थांश. तिसऱ्याला लावलं, की पहिला आणि दुसरा मिळून एक षष्ठांश. कोडं इथेच निम्मं सुटलं. तीन, चार आणि सहा यांनी भाग जाईल अशी 24 ही एकूण रक्कम धरू. जोड्यांचे पैसे 8, 6 आणि 4. त्यांची बेरीज 18, पण तीत प्रत्येक जण दोनदा मोजला गेला, म्हणून तिघांचे मिळून 9 आणि थैलीत उरलेले 15. नवातून एकेक जोडी वजा केली, की पहिल्याकडे 1, दुसऱ्याकडे 3, तिसऱ्याकडे 5. पडताळा घ्या: 1 आणि 15 मिळून 16, बाकी दोघांचे 8, दुप्पट. 3 आणि 15 मिळून 18, बाकी दोघांचे 6, तिप्पट. 5 आणि 15 मिळून 20, बाकी दोघांचे 4, पाचपट.

आता खरी गंमत. 24 ही रक्कम आपण सोयीसाठी धरली होती, कोड्यात ती कुठेच दिलेली नाही. 48 धरली, तर 2, 6, 10 आणि थैलीत 30 येतात, आणि तेही तितकंच बरोबर. 12 धरली, तर अर्धा, दीड, अडीच आणि थैलीत साडेसात. निमकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असलेल्या जुन्या पिढीला हे उत्तर मुळीच अवघड वाटलं नसतं. म्हणजे या कोड्याला एक उत्तर नाही, हवी तितकी उत्तरं आहेत. पक्कं आहे ते फक्त प्रमाण: एकास तीनास पाचास पंधरा. हाच प्रश्न चार पर्यायांखाली छापला की काय होतं बघा. हुशार उमेदवार कोडं सोडवतच नाही. पर्यायातले आकडे घालून पाहतो, जुळले की थांबतो, आणि त्या परीक्षेपुरतं ते शहाणपणाचंच आहे. पण एकूण रकमेचे वाटे पाडण्याची कल्पना त्याच्या हाती येत नाही, आणि उत्तरं अनेक आहेत हे तर त्याला कधी कळतच नाही. पर्याय दिसले त्याच क्षणी कोड्याचा सगळ्यात सकस भाग झाकला गेला.

दुसरं कोडं आकड्यांचं नाही, आणि ते घराघरांत माहीत आहे: वाघ, शेळी आणि गवताचा भारा. शेतकऱ्याला तिन्ही घेऊन पैनगंगा ओलांडायची आहे. नावेत त्याच्यासोबत एकच मावतं. तो नसेल तिथे वाघ शेळीला खाईल, शेळी गवत खाईल. परीक्षेत विचारतात, “कमीत कमी किती फेऱ्या?” उत्तर सात, आणि हा आकडा पुष्कळांना पाठ असतो. आता प्रश्न किंचित बदलू. नावेत दोन गोष्टी मावत असतील तर? पाठांतरवाला गोंधळतो. पण ज्यानं कोडं एकदा निवांतपणे पाहिलंय, त्याला ठाऊक असतं की वाघ आणि गवत यांचं एकमेकांशी काही वाकडं नाही. दोन्ही भांडणांत समाईक आहे ती शेळी. दोघांना नावेत घालून पलीकडे सोडावं, एकटं परतावं, शेळीला न्यावं. तीन फेऱ्यांत काम झालं. मूळ कोड्याची किल्लीही शेळीच. आधी शेळीला नेलं, मग वाघाला नेलं, इथवर कोणीही येतो आणि इथेच अडतो, कारण पलीकडे पोचवलेली शेळी परत अलीकडे आणायची हे मनाला पटत नाही. झालेलं काम मोडून मागे यायचं, गवत न्यायचं आणि शेवटी पुन्हा शेळीसाठी फेरी मारायची. पुढे जाण्यासाठी कधी एक पाऊल मागे घ्यावं लागतं, हे मुलाला त्या नावेत बसूनच कळतं, नुसतं सांगून पटत नाही. वाघाच्या आधी गवत नेलं तरी चालतं, म्हणजे इथेही उत्तरं दोन आहेत. ‘सात’ या आकड्यात यातलं काहीच उरत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो व्यवहाराचा, आणि तो हलक्यानं घेण्यासारखा नाही. नीती आयोगाच्या 2018 च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे होते, त्यांत वाशीम आहे. सोयाबीनच्या भावावर घर चालणाऱ्या कुटुंबातल्या मुलाला वर्दी मिळाली, तर आख्ख्या घराचं चित्र बदलतं. त्याला ‘ट्रिक पाठ करू नकोस, नदीकाठी बसून शेळीचा विचार कर’ असं सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? मान्य. परीक्षेच्या दिवशी पर्याय घालूनच पाहावेत, त्यात कमीपणा काहीच नाही. पण ट्रिक एका ठरावीक साच्याच्या प्रश्नाला लागू पडते आणि पेपर काढणाऱ्यालाही ती माहीत असते. साचा बदलला की पाठांतर उघडं पडतं, जसं दोन जागांच्या नावेत पडलं. वाट्यांची एक कल्पना नीट समजली, की भागीदारीचे, मिश्रणाचे, वयवारीचे प्रश्न तिच्याच आधारानं सुटतात. आणि मला खरी काळजी वाटते ती भरतीच्या शेवटच्या महिन्याची नाही, त्याआधीच्या दहा वर्षांची आहे. पाचवीतल्या पोरालाही आपण भरतीच्याच घड्याळावर बसवलंय. त्या वयात तरी एका कोड्याला आठवडा मिळायला काय हरकत आहे?

दुसरा आक्षेप शिक्षकांकडून येतो: कोडी हा चार हुशार मुलांचा खेळ, बाकीचा वर्ग मान खाली घालून बसतो. असं घडतं हे खरं आहे. पण मान खाली घालायला लावतं कोण? ‘आधी कोण सांगतं’ ही शर्यत. ती काढून टाका, उत्तर उद्या ऐकू म्हणा, आणि मग पाहा. नावेच्या कोड्याला पाढे लागत नाहीत, सूत्र लागत नाही, वाचनही फारसं लागत नाही. तीन खडे आणि जमिनीवर ओढलेली एक रेघ पुरते. गणितात मागे पडलेल्या मुलाला बाकीच्यांच्या बरोबरीनं उभं राहता येईल अशी दुसरी जागा गणिताच्या तासाला क्वचितच सापडते.

तिसरा आक्षेप असा की कोडी कृत्रिम असतात, त्यातून पुढे काही निघत नाही. याचं उत्तर महाराष्ट्रातच आहे. डहाणूला 1905 मध्ये जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते. आकड्यांशी खेळणं हाच त्यांचा ध्यास. त्यांनी 1949 मध्ये दाखवलं की कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमानं मांडलेली संख्या वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येतेच. वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला ते साल घेऊ, 1998. 9981 वजा 1899, उत्तर 8082. 8820 वजा 0288, उत्तर 8532. 8532 वजा 2358, उत्तर 6174. पुढे कितीही वेळा करा, 6174 हलत नाही. मोठ्या पदव्या नसलेल्या या शिक्षकाच्या कामाला आपल्याकडे फार काळ पोरखेळ समजलं गेलं. 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि मग ते नाव जगभर गेलं. कापरेकरांपुढे चार पर्याय कोणी ठेवले नव्हते. 6174 हे उत्तर आहे हे माहीत नसताना, पायरीमागून पायरी वजाबाक्या करण्याची चिकाटी त्यांच्याकडे होती.

कोणी या कोड्यांना ‘आमच्याकडे सगळं आधीच होतं’ या अभिमानाला जोडू पाहील, तर तेही बरोबर नाही. नदी ओलांडण्याचं कोडं लांडगा, शेळी आणि कोबी या रूपात युरोपातल्या अल्क्विन या विद्वानाच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या संग्रहात आहे, आणि अल्क्विन 804 मध्ये वारला. शंभर नाण्यांत शंभर पक्षी घेण्याचं कोडं चीनमध्ये पाचव्या शतकातल्या झांग चिउजिआनच्या ग्रंथात आहे. कोडी माणसांबरोबर हिंडली आणि जिथे गेली तिथली होऊन राहिली. लांडग्याचा वाघ झाला, कोबीचं गवत झालं.

शंभर पक्ष्यांचं कोडं महावीराचार्यांकडेही आहे. राजपुत्राच्या करमणुकीसाठी एका माणसाला 100 नाण्यांत बरोबर 100 पक्षी आणायचे आहेत. कबुतरं 3 नाण्यांना 5, सारस 5 नाण्यांना 7, हंस 7 नाण्यांना 9, आणि मोर मात्र 9 नाण्यांना 3. चारही जातींचे पक्षी हवेत आणि गट मोडून घ्यायचा नाही, म्हणजे कबुतरं पाचाच्या पटीत, मोर तिनाच्या पटीत, असं धरू. दर पुन्हा निरखून पाहा. कबुतरांचा एक गट घेतला की पक्ष्यांच्या संख्येपेक्षा दोन नाणी कमी लागतात. सारसांचंही तसंच, हंसांचंही तसंच. मोरांच्या एका गटाला मात्र सहा नाणी जास्त लागतात. सहा जास्तीची भरपाई दोन-दोनच्या तीन बचतींनी होते, म्हणून मोरांच्या प्रत्येक गटामागे बाकीच्या पक्ष्यांचे मिळून तीन गट यायलाच हवेत. मोरांचे चार गट घेतले, तर इतरांचे बारा: कबुतरांचे तीन, सारसांचे चार, हंसांचे पाच. पक्षी 15, 28, 45 आणि 12, मिळून 100. नाणी 9, 20, 35 आणि 36, मिळून 100. मोरांचे पाच गट घेतले, तर इतरांचे पंधरा: कबुतरांचे अकरा, सारसांचे तीन, हंसांचा एक. पक्षी 55, 21, 9, 15 आणि नाणी 33, 15, 7, 45. तेही शंभरला शंभर. अशी एकूण सहा उत्तरं आहेत. दोन इथे आली. उरलेल्या चारांपैकी तिघांत मोरांचे गट चार आहेत आणि एकात पाच. ती शोधायला कागद, पेन आणि एक मोकळी संध्याकाळ पुरेल.