गाडीची उंची आणि रस्त्याची मर्यादा

चारही चाकांना शक्ती पुरविणारी जीप हे गरजेचे अपत्य होय. दुसऱ्या महायुद्धात रणभूमीसाठी घडलेली विलीस जीप स्वातंत्र्यानंतर मुंबईत माझगावला जुळविली जाऊ लागली आणि सरकारी खात्यांच्या सेवेत ती खेडोपाडी पोहोचली. तिचीच वंशज असलेली, नाशिकला तयार होणारी ‘थार’ आज नवी मुंबईच्या पाम बीच मार्गावर दिसते. मात्र अशा सर्वच गाड्या कारखान्यातून निघाल्या त्याच उंचीच्या राहिलेल्या नसतात.

स्प्रिंगला जोड देऊन किंवा लांब स्प्रिंग बसवून गाडीचा सांगाडा उचलावयाचा आणि मोकळ्या झालेल्या जागेत मोठे टायर चढवावयाचे, असा हा प्रकार आहे. स्प्रिंगमुळे केवळ वरचा भाग उचलला जातो. मागचा आस जमिनीपासून वर जातो तो टायरमुळे, आणि तोही व्यासातील वाढीच्या निम्माच. २०२० मध्ये आलेल्या थारच्या १८ इंची चाकांवरील टायरचा व्यास सुमारे ३१ इंच आहे. तेथे ३३ इंची टायर बसविला तर लाभ एका इंचाचा! त्यासाठी गुरुत्वमध्य वर जातो व वळणावर गाडी उलटण्याचा धोका वाढतो. जड चाकांचा भार ब्रेकवर पडतो. वेगदर्शक ८० दाखवीत असताना गाडी ८५ च्या वेगाने धावत असते.

हा धोका मालकापुरता असता, तर त्याची हौस म्हणून सोडून देता आले असते. परंतु उंचावलेल्या दिव्यांचा झोत समोरच्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत शिरतो आणि उंच बॉनेटपुढून रस्ता ओलांडणारे शाळकरी मूल चालकाला दिसत नाही.

पावसाळ्यात पाणी साचते, म्हणून उंची हवी, असे समर्थन केले जाते. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने खाडीकाठच्या सखल जमिनीवर हे शहर वसविताना भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठविण्यासाठी धारण तलाव बांधले. पाण्याचे सार्वजनिक उत्तर ते हेच. तलावांतील गाळ काढण्याचा आग्रह धरण्याऐवजी ज्याने त्याने आपापली गाडी उंच करावयाची, तर पायी चालणाऱ्याने काय करावे?

कायदा याबाबत संदिग्ध नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करण्यास मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली.

तथापि केवळ दंडाने हौस थांबत नाही. ती आडोशाला जाते. सह्याद्रीच्या दगडधोंड्यांच्या वाटा तुडविण्याची आवड काही निंद्य नव्हे. ऑस्ट्रेलियात ठरावीक मर्यादेपलीकडील बदलास अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते. आपल्याकडेही ब्रेक, दिवे व स्थैर्य यांची चाचणी घेऊन, नोंदणीपुस्तकात नोंद करून, मर्यादित परवानगी देता येईल. तशी सोय होईपर्यंत मात्र कायदा पाळलाच पाहिजे. रस्ता सर्वांचा आहे. त्यावरील एकाच्या उंचीची किंमत दुसऱ्याने जिवाने मोजावी, हे कोणत्याही नियोजित शहराला शोभणारे नाही.