दस्तरखान एक, गोळीचा डोस मात्र ज्याचा त्याचा

क्रांती चौकातून सिल्लेखान्यामार्गे पैठण गेटकडे संध्याकाळी निघाले की रमजानची लगबग दिसते. खजूर, फळे, अत्तर, भज्यांच्या कढईचा धूर आणि वाहनांची धूळ. घरोघरी ईदची झाडलोटही सुरू होते. धूळ, धूर किंवा उग्र वास ज्यांना सोसत नाही, त्यांच्यासाठी हे दिवस शिंकांचे आणि वाहत्या नाकाचे. मग औषधाच्या दुकानात एकच मागणी होते, ‘सिट्रीझिन द्या.’ काही रुपयांत मिळणारे ते पाकीट घरातल्या सगळ्यांचे होऊन जाते.

इफ्तारच्या दस्तरखानावर खजूर सर्वांना सारखा वाटला जातो. औषधाची वाटणी मात्र अशी होत नाही.

आधी रोजेदारांचा प्रश्न. गोळी गिळली की रोजा तुटतो, म्हणून काही जण इफ्तारला एक आणि सहरला एक अशा दोन गोळ्या घेतात. त्याची गरज नाही. सिट्रीझिनचा परिणाम साधारण तासाभरात सुरू होतो आणि सुमारे २४ तास टिकतो. बारा वर्षांवरील निरोगी व्यक्तीला दिवसातून १० मिलिग्रॅमची एकच गोळी पुरते. दुसऱ्या गोळीने आराम दुप्पट होत नाही. झोप, गरगरणे आणि तोंडाला कोरड मात्र वाढते. रोज्यात ती कोरड दिवसभर छळते.

गोळी घेण्याची वेळही महत्त्वाची. तरावीहनंतर घरी येऊन, झोपण्यापूर्वी घ्यावी. इफ्तारला गोळी घेऊन लगेच दुचाकीवर बसणे धोक्याचे. रमजानमध्ये झोप आधीच तुटक होते. त्यात गोळीची गुंगी आली, तर जालना रोडच्या वाहतुकीत एक डुलकीही महागात पडते. रिक्षा, ट्रक चालवणाऱ्यांनी विशेष जपावे. झोपेच्या गोळ्या किंवा दारू यांच्यासोबत ही गुंगी आणखी वाढते.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा हिशेब वेगळा. या औषधाचा मोठा भाग शरीरात न मोडता किडनीवाटे बाहेर पडतो. किडनी मंदावली की औषध अंगात साचते. मधुमेह, रक्तदाब आणि वाढते वय असलेल्यांत ही शक्यता जास्त. किडनी मध्यम कमजोर असेल तर साधारण ५ मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी गोळी दिली जाते. जास्त कमजोर असेल तर तीही एक दिवसाआड. डायलिसिसवरच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नये. सहरसाठी अंधारात उठलेल्या दादीचा तोल गेला, तर कारण केवळ वय नसेल, रात्रीची पूर्ण गोळीही असू शकते. क्रिएटिनिनची रक्ततपासणी झाली असेल, तर तो कागद डॉक्टरांना दाखवावा.

मुलांना अंदाजाने गोळीचा तुकडा देऊ नये. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना दिवसाला ५ ते १० मिलिग्रॅम, तर दोन ते पाच वर्षांच्या मुलांना २.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात, असा सर्वसाधारण डोस असतो. दोन वर्षांखालच्या बाळाला डॉक्टरांशिवाय काहीच नको. सिरप स्वयंपाकघरातल्या चमच्याने नव्हे, बाटलीसोबतच्या मापानेच द्यावे. थेंबांचे औषध सिरपपेक्षा तीव्र असू शकते, म्हणून लेबल वाचावे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी सर्दीच्या दुसऱ्या एका मिश्रणाबाबत, क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन यांच्याबाबत, ते चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा इशारा छापायला सांगितले होते. दुकानात सहज मिळणारे प्रत्येक औषध लहानग्यांसाठी नसते.

गर्भवतींनी आधी डॉक्टरांना विचारावे. अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधातूनही औषध थोडेफार बाळापर्यंत पोहोचते.

आणखी एक गफलत सर्रास होते. सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांत सिट्रीझिन आधीच असते. मॉन्टेलुकास्टसोबत मिळणारी लिव्होसिट्रीझिन ही तिचीच सख्खी बहीण. तिची ५ मिलिग्रॅम म्हणजे सिट्रीझिनची १०. दोन्ही घेतल्या तर डोस नकळत दुप्पट होतो. कित्येक महिने रोज गोळी घेणाऱ्यांना ती बंद केल्यावर क्वचित तीव्र खाज सुटते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये दिला आहे. म्हणून बंद करतानाही सल्ला घ्यावा.

ओठ किंवा घसा सुजला, श्वास लागला, तर सिट्रीझिनवर विसंबून इफ्तारची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा. घाटी किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतींत आजारी माणसाला रोजे नंतरच्या दिवसांत पूर्ण करण्याची सवलत दिली आहे. ती सवलत घेणे म्हणजे ईमान कमी पडणे नव्हे.

शेजारच्या घरात उपवास एकादशीचा असेल, शिंका मात्र त्याच. तिथेही पाकीट पुढे करण्याआधी एवढेच विचारा: वय किती, किडनी कशी आहे, आणखी कोणती औषधे सुरू आहेत?